दात, जबडे आणि नळ : काचतंतूच्या नळापुढे वाळवी-उंदीर का हरतात?

१) जमिनीत पुरलेल्या नळाला आणि समुद्रतळावर अंथरलेल्या तारेला तीन शत्रू असतात. पाणी गंजवते, माती दाबते आणि प्राणी चावतात. पहिल्या दोन शत्रूंविषयी अभियांत्रिकीच्या इतिहासात विपुल लिहिले गेले आहे. तिसरा बहुधा तळटिपेत राहतो. वस्तुतः याच तिसऱ्या शत्रूने एका देशाचे समुद्रबांध पोखरले, आरमारांना जेरीस आणले आणि दूरध्वनीच्या तारा मुक्या केल्या. आज पाणी, सांडपाणी आणि रसायने वाहून नेणाऱ्या काचतंतूंच्या नळाला वाळवी, घूस आणि उंदीर यांचे फारसे भय नसते. त्यामागील कारण समजून घ्यायचे, तर सुमारे तीनशे वर्षे मागे जावे लागते.

२) नेदरलँड्सचा मोठा भूभाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. अठराव्या शतकात तेथील अनेक समुद्रबांधांना लाकडी खांबांचा आधार असे. १७३० आणि १७३१ साली हे भक्कम दिसणारे खांब काडीसारखे मोडू लागले. मोडलेल्या खांबांच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बिळेच बिळे आढळली. ही करणी टेरेडो या सागरी जिवाची होती. खलाशी त्याला ‘शिपवर्म’, म्हणजे जहाजातला किडा, म्हणत. बाहेरून खांब धडधाकट आणि आतून पोकळ, हेच या संकटाचे भीषण रूप होते.

३) या आपत्तीला अनेकांनी ईश्वरी कोप मानले आणि प्रार्थना झाल्या. त्याच वेळी अभ्यासाचीही एक वाट उघडली. गॉटफ्रीड सेलियस याने १७३३ साली या जिवावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा किडा नसून शिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याचे शरीर लांब व कृमीसारखे असते. डोक्याकडील दोन छोट्या शिंपांच्या खरखरीत कडा कानशीप्रमाणे लाकूड झिजवत पुढे सरकतात. झिजवलेल्या लाकडातूनच त्याला अन्नही मिळते.

४) डचांनी अखेर लाकडाचा नाद सोडला आणि बांधांना दगडाचे अस्तर दिले. दगड मात्र त्या देशात दुर्मीळ. तो स्कँडिनेव्हियातून जहाजांनी आणावा लागला. जवळच्या ड्रेन्थ प्रांतातील मोठमोठ्या शिळांनाही एकाएकी भाव आला. त्या शिळांतून उभी राहिलेली प्रागैतिहासिक दफनस्थाने उद्ध्वस्त होऊ लागली, तेव्हा १७३४ साली ड्रेन्थच्या शासनाला त्यांच्या संरक्षणाचा हुकूम काढावा लागला. एका बोटभर जाडीच्या प्राण्याने पुरातन वास्तुरक्षणाचा एक प्रारंभीचा कायदा घडवून आणला.

५) याच प्राण्याशी जहाजांचे वैर त्याहून जुने होते. हिंदी महासागरातील नौकाबांधणी करणारे कारागीर जहाजाच्या तळाला चुना आणि तेल यांचा जाड लेप देत. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेल्या जहाजांना सागवानाचा मोठा आधार होता. हे लाकूड टिकाऊ म्हणून विख्यात होते. १८१७ साली मुंबईत जलावतरण झालेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

६) ब्रिटिश आरमाराने वेगळा मार्ग धरला. १७६१ साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात धाडण्यात आले. टेरेडोने त्या पत्र्यापुढे हात टेकले. पण तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांच्या सान्निध्यात आले की लोखंड झपाट्याने झिजते. पत्र्याखालचे लोखंडी खिळे व खुंट्या कुजल्या. किडा हरला आणि गंज जिंकला. एका शत्रूचा बंदोबस्त करताना दुसऱ्याला दार उघडून देण्याचा हा प्रकार या इतिहासात वारंवार भेटतो.

७) जमिनीवरील नळांची कथाही लाकडापासूनच सुरू होते. लंडनमध्ये एल्म वृक्षाचे ओंडके मधोमध कोरून, एकाचे निमुळते टोक दुसऱ्यात ठोकून पाण्याचे नळ जोडले जात. न्यूयॉर्कमध्ये १७९९ साली स्थापन झालेल्या मॅनहॅटन कंपनीनेही लाकडी नळच घातले. हे नळ गळत, कुजत आणि त्यांचे आयुष्य मोजकेच असे. एकोणिसाव्या शतकात त्यांची जागा ओतीव लोखंडाने, म्हणजे बिडाने, घेतली. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी मिळू लागले, तेही बिडाच्या नळांतून.

८) बिडाचा नळ वाळवीला खाता येत नाही आणि उंदराला फोडता येत नाही. केवळ दातांचा विचार केला, तर लढाई तेथेच संपायला हवी होती. पण खारट जमीन, समुद्राचे पाणी आणि सांडपाण्यातून तयार होणारे गंधकाम्ल यांच्यापुढे लोखंड टिकत नाही. शिवाय ते जड. घराघरांत वळवून नेण्यासाठी मऊ आणि वाकणारी धातू हवी होती. ती गरज शिशाने भागवली आणि दातांना पुन्हा संधी मिळाली.

९) खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोहस् मापपट्टीवर शिसे दीडच्या आसपास येते. दातांवरील कवच ज्या कुळातील खनिजाचे असते, त्या अपटाइटचा क्रमांक ५ आहे. त्यामुळे शिशाचे नळ उंदरांनी कुरतडल्याची उदाहरणे युरोपात वारंवार नोंदली गेली. शिशात अन्न नाही, उलट ते विषारी आहे. तरीही उंदीर थांबला नाही. चावणाऱ्याला पोषण मिळाले नाही म्हणजे तो चावणार नाही, हा समज येथे खोटा ठरला.

१०) त्याहून चमत्कारिक प्रकार कीटकांचा. क्रिमियन युद्धानंतर, १८५७ साली, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे बंदुकीच्या काही गोळ्या मांडण्यात आल्या. शिशाच्या या गोळ्यांना आरपार भोके होती. लाकडात वाढणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाशीने ती पाडली होती. पेटीच्या लाकडातून बाहेर पडण्याच्या वाटेवर गोळ्या आडव्या आल्या, म्हणून तिने गोळ्याच पोखरल्या. तिला शिसे खायचे नव्हते, तिला केवळ बाहेर जायचे होते.

११) विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील दूरध्वनी खात्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. खांबांवरून टांगलेल्या तारांना शिशाचे वेष्टन असे. एक इवलासा भुंगेरा त्या वेष्टनाला भोक पाडी. पाऊस आला की त्या भोकातून ओल आत शिरे, कागदाचे आवरण भिजे आणि एकाच वेळी अनेक दूरध्वनी बंद पडत. लोकांनी त्याचे नाव ‘शॉर्ट-सर्किट बीटल’ ठेवले. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९२२ साली या भुंगेऱ्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली.

१२) या अभ्यासातून एक मोलाची गोष्ट हाती आली. भुंगेरा वेष्टनावर वाटेल तेथे भोक पाडत नव्हता. तार जेथे कड्यात अडकवलेली असे, त्या कड्याजवळ त्याचा हल्ला होई. गुळगुळीत, गोल पृष्ठावर त्याला पाय रोवता येत नसत. कड्याचा टेकू मिळाला की जोर लावता येई. चावण्यासाठी दातांइतकाच टेकू महत्त्वाचा असतो. पुढील सगळ्या उपायांच्या मुळाशी हे साधे निरीक्षण आहे.

१३) समुद्रात याच सुमारास वेगळी झुंज चालू होती. १८५१ साली इंग्लंड व फ्रान्स तारायंत्राने जोडले गेले, आणि १८७० साली मुंबई एडन-सुएझमार्गे समुद्री तारांनी युरोपशी जोडली गेली. या तारांचे विद्युतरोधक आवरण गटापर्चाचे, म्हणजे मलाया प्रदेशातील एका झाडाच्या चिकाचे. उष्ण, उथळ समुद्रांतून वर काढलेल्या तारांत टेरेडो आणि त्याच्या भाईबंदांनी पाडलेली भोके दिसू लागली. तेव्हा गटापर्चाभोवती पितळेची पातळ पट्टी गुंडाळण्याची पद्धत आली. तारेच्या लवचिकपणाला धक्का न लावता तिला चिलखत मिळाले.

१४) मग प्लास्टिकचे युग उजाडले. १९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत पॉलिथिनचा शोध लागला. जर्मनीत पीव्हीसीचे नळ वापरात येऊ लागले. हे पदार्थ गंजत नव्हते, हलके होते, स्वस्त होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शिशाची जागा त्यांनी वेगाने घेतली. गंजाचा शत्रू हरला, असे वाटले. त्याच क्षणी कुरतडणारे परत आले, कारण मऊ प्लास्टिक हे दातांसाठी शिशाइतकेच सोपे होते.

१५) अमेरिकेत जमिनीखाली बिळे करणारा पॉकेट गोफर हा प्राणी पॉलिथिनचे वेष्टन सहज फोडू लागला. त्याच्यासाठी तारांना धातूची पट्टी गुंडाळावी लागली. ऑस्ट्रेलियात वाळवीने दूरध्वनीच्या तारा पोखरल्या. तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेत गे आणि वेदर्ली या शास्त्रज्ञांनी निरनिराळी प्लास्टिके वाळवीपुढे ठेवून पाहिली आणि निष्कर्ष १९६२ साली प्रसिद्ध केले. मऊ करणारी द्रव्ये मिसळलेले पीव्हीसी वाळवीला सोपे गेले. कठीण, गुळगुळीत प्लास्टिकांनी अधिक तग धरला. पुढे तारांवर नायलॉनचा कठीण थर देण्याची पद्धत त्या देशात रूढ झाली.

१६) एव्हाना तीन शतकांच्या अनुभवातून चावण्याची तीन कारणे वेगळी दिसू लागली होती. पहिले अन्न : टेरेडो आणि वाळवी यांना लाकडातील सेल्युलोज पचवता येते. दुसरे वाट : गांधीलमाशी, भुंगेरा, भुयार खणणारी वाळवी यांच्या मार्गात जे आडवे येईल ते पोखरले जाते. तिसरे दातांची गरज : उंदीर, घूस, गोफर यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतच राहतात.

१७) मराठीने या दातांना सुताराच्या हत्याराचे नाव दिले आहे, आणि ते अगदी चपखल आहे. कठीण कवच दाताच्या फक्त पुढल्या बाजूस असते. मागची मऊ बाजू लवकर झिजते, त्यामुळे पुढची धार आपोआप पाजळली जाते. उंदराचा खालचा दात दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. तो सतत झिजला नाही, तर तोंड मिटणेही कठीण होईल. म्हणून उंदीर भूक नसतानाही कुरतडतो. विष पेरून एक उंदीर मरेल. दातांची गरज मात्र संपत नाही.

१८) यावर महाराष्ट्रातील घराघरांत एक जुना तोडगा परिचित आहे. उंदरा-घुशींचे बीळ बुजवताना सिमेंटमध्ये किंवा मातीत फुटक्या काचेचे तुकडे कालवतात. नुसते सिमेंट ओले असताना घूस ते पुन्हा उकरते. काच लागली की माघार घेते. साधी काच मोहस् मापपट्टीवर साडेपाचच्या आसपास येते, म्हणजे दातावरील कवचापेक्षा किंचित कठीण. शिवाय ती फुटली की तिच्या कडा तोंडाला टोचतात. जे तत्त्व बिळाच्या तोंडाशी वापरले गेले, तेच पुढे नळाच्या भिंतीत आले. मात्र तेथवर पोहोचण्याचा मार्ग निराळा होता.

१९) काचेचे तंतू ओढता येतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. १८९३ सालच्या शिकागो प्रदर्शनात एडवर्ड लिबी याने काचतंतू व रेशीम मिळून विणलेला पोशाख मांडला होता. ते नवल होते, उद्योग नव्हे. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा सांधण्याचा प्रयत्न करत असताना दाबाखालील हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर याच्या मार्गदर्शनाखाली त्या अपघाताची पद्धत बनली. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी स्थापन झाली.

२०) नुसता काचतंतू बळकट असतो, पण तो दोरा आहे, भिंत नव्हे. त्याच काळात असंपृक्त पॉलिएस्टर आणि इपॉक्सी ही राळेसारखी, एकदा घट्ट झाली की पुन्हा न वितळणारी रेझिने विकसित झाली. रेझिनात भिजवलेले काचतंतू फिरत्या नळकांड्यावर घट्ट गुंडाळायचे, रेझिन कडक होऊ द्यायचे आणि आतले नळकांडे काढून घ्यायचे, अशी नळ बनवण्याची रीत रुळली. १९४८च्या सुमारास अमेरिकेच्या तेल उद्योगात असे नळ आले. तेथे पोलादाला गंज खात होता. दातांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

२१) तरीही तिन्ही कारणांवर या नळाने उत्तर दिले. त्यात सेल्युलोज नाही, तेव्हा वाळवीला ते अन्न नाही. कडक झालेले रेझिन शिशासारखे वा मऊ पीव्हीसीसारखे दबत नाही. वाळवीचा जबडा त्यावर घसरतो आणि ती नळाला वळसा घालून पुढे जाते. मोठ्या व्यासाचा गुळगुळीत नळ उंदराच्या तोंडात मावत नाही, दातांना कड सापडत नाही. कॅलिफोर्नियातील भुंगेऱ्याने शिकवलेला टेकूचा धडा येथे उलट्या बाजूने उपयोगी पडला.

२२) वरचा रेझिनचा थर ओरखडला गेला, तरी खाली काचतंतूंचे थर एकावर एक असतात. एकच लांब चीर पडून तुकडा निघावा, असे तेथे घडत नाही. प्रत्येक तंतू स्वतंत्र तोडावा लागतो, दाताला काच लागते आणि तुटलेली टोके तोंडाला बोचतात. श्रम मोठे आणि मोबदला शून्य. नळात विष मिसळलेले नसते. म्हणून विष झिरपून संपण्याचा आणि त्याबरोबर संरक्षण संपण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. पिण्याचे पाणी वाहणाऱ्या नळासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे.

२३) मात्र अभेद्य असे यात काही नाही. सर्वांत दुबळी जागा सांध्याची. दोन नळांमधील रबरी कडे मऊच असते. ते उघडे राहिले, तर दात तेथे लागतात. कमी व्यासाचा, पातळ भिंतीचा नळ तोंडात धरता येतो. नळाचे कापलेले टोक रेझिनने बंद न केल्यास तेथे कड मिळते. आतल्या अस्तराला मोठी इजा झाली आणि सांडपाण्यातील आम्ल ताणाखालच्या काचतंतूंपर्यंत पोहोचले, तर नळ कालांतराने तडकूही शकतो. समुद्रात तर मार्टेशिया नावाचा शिंपला केवळ निवाऱ्यासाठी पीव्हीसीचे नळ पोखरताना आढळला आहे. म्हणून नळ कोणता, याइतकेच तो कसा पुरला आणि कसा जोडला, याला मोल आहे.

२४) भारतातही पिण्याच्या पाणीपुरवठ्यासाठीच्या काचतंतू-प्रबलित नळांना ‘आयएस १२७०९’ हे राष्ट्रीय मानक आहे. दूरसंचारात तर या कथेने एक सुंदर वळण घेतले. प्रकाशवाही तारांतून संदेश वाहतो तो केसासारख्या काचेतून. त्या काचेचे उंदरांपासून रक्षण करण्यासाठी अनेक तारांत धातूऐवजी काचतंतूंचा थर गुंडाळतात, कारण धातू विजेला वाट देतो, काच देत नाही. आत संदेश नेणारी काच आणि बाहेर पहारा देणारीही काच.

२५) डच बांधांच्या खांबांपासून या तारेपर्यंतच्या प्रवासात माणसाने जाडी वाढवून पाहिली, लेप लावून पाहिले, धातूची चिलखते चढवून पाहिली. चावणारा प्राणी नेमके काय शोधतो आहे, हे ज्यांनी पाहिले, त्यांच्याच हाती टिकाऊ उपाय लागला : सेलियसने शिंपांच्या कडा पाहिल्या, कॅलिफोर्नियातील संशोधकांनी कड्याजवळची भोके पाहिली, ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी वाळवीपुढे एकेक प्लास्टिक ठेवून पाहिले. रस्ता खोदून नवा नळ पुरला जाताना कोठे दिसला, तर त्याच्या सांध्याकडे अवश्य लक्ष द्यावे. पुढची झुंज तेथेच होणार आहे.

(समाप्त)